दोनशे बारा नंबरचा डबा

रक्तपेढीत तिला लेबलबाई म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की लेबलबाई. तिला ते माहीत होतं आणि तिची हरकत नव्हती. एकोणीस वर्षं ती तिथे तंत्रज्ञ होती. एकदा एका तरुण डॉक्टरने लेबल गळून पडलेली पिशवी तिच्यासमोर धरली आणि म्हणाला, ''अहो, आत्ताच मी स्वतः ठेवली होती. ओ पॉझिटिव्हच आहे. मी सांगतोय ना!'' तिने पिशवी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि त्याच्या डोळ्यांदेखत टाकाऊच्या पिंपात सोडली. ''लेबल नाही म्हणजे पिशवी नाही,'' एवढंच बोलली. डॉक्टर वरपर्यंत तक्रार घेऊन गेला. वरून उत्तर आलं की बाईंचं बरोबर आहे.

घरीही तिचा कारभार असाच चाले. कामाच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे रोज दोन वेळा चुलीपाशी उभं राहणं जमणारं नव्हतं. बंद पडलेल्या एका आइस्क्रीमच्या दुकानातून तिने वरून उघडणारा मोठा फ्रीझर आणला होता. दारावरचं कोनचं चित्र अर्धं उडालेलं. तीन खोल्यांच्या घरात तो कुठेच मावेना, म्हणून बोळकांडीत ठेवला. दर वीस मिनिटांनी तो अंग झटकल्यासारखा थरथरायचा आणि मग घरघर सुरू करायचा. पाहुणे दचकायचे. घरातल्यांना आता ऐकू येत नसे.

एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी ती सकाळी सातला कंबर कसायची. चारही शेगड्या पेटायच्या. मसूर, घेवडा, टोमॅटोचं सूप, कोंबडीचा गाजर घातलेला रस्सा. शिजलं की पसरट ताटांत ओतून पंख्याखाली ठेवायचं, कारण गरम डबा आत गेला तर शेजारचे चार बिघडवतो. डबा काठोकाठ भरायचा नाही, गोठताना अन्न फुगतं. बटाटा घालायचा नाही, त्याचा स्पंज होतो. मीठ निम्मं, उरलेलं गरम करताना. लेबल आधी, कोरड्या डब्यावर. एकदा दव धरलं की काही चिकटत नाही. लेबलवर नंबर, पदार्थ, तारीख, किती माणसांचं आणि वरून किती मीठ. हेच सगळं एका लांबट वहीत. शेवटचा रकाना ‘काढला’ असा. आणि पेढीतला पहिला नियम इथेही पहिलाच: जे आधी आलं ते आधी बाहेर. जुने डबे वर, नवे खाली.

ही व्यवस्था तिघांना पुरत होती. ती, नवरा आणि मुलगी. मुलीला सगळे खारू म्हणत. लहानपणी ती खारीसारखी पेन्सिली, बिस्किटं, खोडरबर असं काहीही उशीखाली लपवून ठेवायची. हे नाव आणि ही सवय, दोन्ही वाढल्यावरही राहिली.

चौथं माणूस म्हणजे नणंद. नवऱ्याची थोरली बहीण, राहायला पंधरा मिनिटांच्या अंतरावर. मूलबाळ नव्हतं, वेळ भरपूर होता आणि जीभ रिकामी बसत नसे. आली की फ्रीझरचं दार उचलून आत डोकावायची.

''आमच्याकडे बाई ताटातून वाफ निघते. तुमच्याकडेही निघते म्हणा, पण बर्फाची.''

किंवा भावाकडे बघून, ''काय रे, आज कुठल्या तारखेचं जेवलास?''

भाऊ हसायचा. शिळं हा शब्द आधी थट्टेत आला, मग सवयीत गेला. वहिनीचं शिळं. ती काही बोलत नसे. पेढीत रक्त बेचाळीस दिवस जपून माणसाच्या अंगात जातं, त्याला कोणी शिळं म्हणत नाही, हे तिला सांगता आलं असतं. पण ज्याला ऐकायचं नाही त्याला सांगण्यात ती शब्द घालवत नसे.

खारूचं दहावीचं वर्ष सुरू झालं आणि तिसऱ्याच आठवड्यात ती तापाने पडली. साथीचा ताप होता, अर्धा वर्ग आडवा होता. पण नणंदेला संधी मिळाली. तिने मोठ्या काकांना बोलावून घेतलं. काका म्हणजे नवऱ्याचे चुलते. कुटुंबात वडिलांच्या जागी तेच, आणि त्यांनी एकदा ठरवलं की विषय संपायचा.

''काका, मी काही वहिनीला दोष देत नाही,'' नणंद म्हणाली. पुढची दहा मिनिटं तिने दुसरं काहीच केलं नाही. आई कामावर, पोरगी एकटी, डबा काढून गरम करून खाते. वाढत्या वयाला हे असं शिळं? आणि परीक्षेचं वर्ष?

काकांनी विचार केल्यासारखं केलं. ''वर्षभर पोरगी ताईकडे राहू दे. ताजं खाईल, अभ्यास होईल. आईलाही जरा आराम.''

ती दुपारच्या पाळीसाठी निघाली होती. खांद्याला पर्स, हातात पांढरा कोट. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

''खारूला विचारलं का?'' ती म्हणाली.

''तिला काय विचारायचं? लहान आहे ती,'' काका म्हणाले.

रात्री ती परतली तेव्हा खारूचं दप्तर आणि उशी गेलेली होती. त्या दिवशी तिने वहीत लिहिलं: आजपासून माणसं दोन. दुसरं काही लिहायची जागा त्या वहीत नव्हती. पण ती विसरणारी बाई नव्हती. एकोणीस वर्षांत एक नंबर विसरली नव्हती.

दर बुधवारी ती खारूला भेटायला नणंदेकडे जायची. पाहुणीसारखी बाहेरच्या खोलीत बसायची. नणंद सरबत आणून द्यायची आणि पोरीचं वजन कसं वाढलंय ते सांगायची. ''सकाळी सहाला उठते मी तिच्यासाठी. मायक्रोवेव्ह तर मी घरातच येऊ दिला नाही. ताज्याला पर्याय नाही, वहिनी.''

तिसऱ्या महिन्यात वही चुकली. वहीत एकतीस डबे, फ्रीझरमध्ये सव्वीस. तिने आधी स्वतःलाच दोषी धरलं आणि दोनदा मोजलं. मग नीट पाहिलं. गेलेले पाचही डबे नवे होते. नव्यांची रास मधूनच खचली होती आणि तीन आठवड्यांपूर्वीचे जुने डबे एका बाजूला सारून ठेवले होते. म्हणजे काढणाऱ्याने हात खाली घालून ताज्या तारखेचे शोधले होते. चोरालाही शिळं नको होतं.

आठ दिवसांनी धुतलेल्या डब्यांच्या चळतीत ते पाचही परत आलेले दिसले. ती लेबल नेहमी कोमट पाण्यात भिजवून अलगद काढायची, डब्यावर कधी ओरखडा नसे. या पाचांच्या झाकणांवर सुरीने खरवडल्याच्या रेषा होत्या. तिने बोट फिरवून पाहिलं. असं लेबल खरवडून काढायची सवय असणारी, किचनच्या ओट्यावर जॅमच्या बाटल्या तशाच खरवडणारी, तिच्या ओळखीत एकच बाई होती.

शनिवारी नवरा ''ताईकडे जाऊन येतो'' म्हणाला, तेव्हा त्याच्या हातातली कापडी पिशवी जड होती आणि तिच्या तळाला दव सुटलेलं होतं.

एखादी बाई तिथेच दारात उभी राहून आरडाओरडा करती. ती म्हणाली, ''सावकाश जा. रस्त्यात पाणी सांडेल.'' त्याला कळलं नाही. त्याला पुष्कळ गोष्टी कळत नसत.

भांडण करून काय झालं असतं? नणंद नाही म्हणाली असती, नवरा गप्प राहिला असता, काकांनी ‘बायकांचं काहीतरी’ म्हणून हात झटकले असते. तिला पोरगी परत हवी होती. आणि ‘शिळं’ हा शब्द जिथून निघाला त्याच तोंडात, सगळ्यांसमोर, परत घालायचा होता. त्यासाठी पुरावा हवा. पुरावा म्हणजे लेबल. पण लेबल तर सुरीने निघत होतं.

उत्तर पेढीतच होतं. रक्ताच्या पिशवीवर नंबर एकदाच नसतो. पिशवीला जोडलेल्या नळीवरही तोच नंबर ठरावीक अंतराने छापलेला असतो. वरचं लेबल गेलं तरी नळी बोलते. डब्यालाही आतून नंबर हवा.

पेढीच्या भांडारात एका खोक्यात जुने स्टीलचे बिल्ले पडून होते. पूर्वी रक्त द्यायला येणाऱ्यांना रांगेसाठी ते द्यायचे, मग भिंतीवर दिव्यांचे आकडे आले. एक ते तीनशे, ठोकून उमटवलेले नंबर. मोठे, जाडजूड, कपाच्या तोंडाएवढे. हा आकार तिने मुद्दाम तपासला. चुकूनसुद्धा कोणाच्या घशाजवळ जाता कामा नये. पेढीच्या प्रमुखांना ती म्हणाली, ''सर, त्यातले बारा घेऊ का?''

''घ्या की. काय करणार?''

''घरी रांग लावायचीय.''

सर हसले. तीही हसली, त्यामुळे सरांना जरा आश्चर्य वाटलं.

तिला पाच महिने वाट पाहावी लागली. खारूची परीक्षा संपायला आली तशी नणंदेने घोषणा केली: शेवटचा पेपर झाला की रविवारी सगळ्यांचं जेवण माझ्याकडे. काका-काकू येणार. तिथेच पुढचं ठरवू. पुढचं म्हणजे पुढची दोन वर्षं. कॉलेजही नणंदेच्याच घराजवळ होतं. ‘पोरगी आता रुळलीय’ हे वाक्य नणंद आठवडाभर फोनवर सगळ्यांना सांगत होती.

आधीच्या रविवारी लेबलबाईने कोंबडीचा रस्सा केला. चांगला दाटसर. बारा डबे, प्रत्येकी दोन माणसांचे. नंबर दोनशे सहा ते दोनशे सतरा. बिल्ले अर्धा तास उकळून घेतले. डबे आधी अर्धेच भरून गोठवले. मग त्या गोठलेल्या थरावर त्याच नंबरचा बिल्ला ठेवला आणि वर उरलेला रस्सा ओतला. तळाशी ठेवला असता तर डबा पातेल्यात उलटा करताच उघडा पडला असता. मधोमध असला की बर्फ पूर्ण वितळेपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही. नणंदेकडे नवं मोठं नॉनस्टिकचं पातेलं होतं. त्यात स्टीलचा डाव घालायला ती कोणालाही देत नसे, फक्त लाकडी. म्हणजे आवाजही होणार नाही. ते पातेलं आणि तो लाकडी डाव यांचं कौतुक तिने गेल्या पाच महिन्यांत किमान दहा बुधवारी ऐकलं होतं.

आयुष्यात पहिल्यांदा तिने नियम मोडून नवे डबे सगळ्यात वर ठेवले. शोधायचा त्रास नको.

शनिवारी तिने सकाळची पाळी घेतली. परत येऊन दार उचललं. दोनशे बारा ते दोनशे सतरा, वरचे सहा गेले होते. तिने वही पर्समध्ये घातली.

रविवारी टेबलाभोवती सात माणसं होती. मोठे काका, काकू, नणंद, नणंदेचा नवरा, नवरा, खारू आणि ती. टेबलावर नवी चादर, भाताचं वाफाळतं भांडं, ब्रेडची टोपली आणि मध्यभागी ते पातेलं. नणंद स्वतः वाढत होती. चेहरा पावडर लावून ताजा केलेला.

''पहाटे उठून केलं का गं हे सगळं?'' काकूंनी विचारलं.

''सहाला गॅस पेटवला. पण त्याचं काही नाही हो काकू. घरात बसून ताजं खाल्लं की पोरं कशी टवटवीत राहतात, ते बघा.''

काकांनी पहिला घास घेतला आणि मान डोलावली. ''याला म्हणतात चव. ताज्याची गोष्टच वेगळी.''

''नाहीतर काय,'' नणंद म्हणाली आणि वहिनीकडे पाहून गोड हसली. ''वहिनी, घ्या ना पोटभर. रोजचं शिळं खाऊन कंटाळला असाल.''

काकांनी ताट पुढे केलं. ''दाटसर वाढ. तळाचं.''

लाकडी डाव तळापर्यंत गेला आणि वर आला. काकांच्या ताटात टण्ण आवाज झाला.

काकांनी चमच्याने गाजराचा तुकडा बाजूला केला, बोटांनी वस्तू उचलली आणि चष्मा कपाळावर सरकवून पाहिली.

''हे काय गं? दोनशे बारा लिहिलंय.''

''कुकरचं असेल काहीतरी,'' नणंद म्हणाली. तिचा हात हवेतच राहिला होता.

''कुकरला दोनशे बारा पार्ट असतात?'' नणंदेचा नवरा म्हणाला. तो बहुधा वर्षातून दोनदा बोलायचा. त्याने डाव हातात घेतला आणि कुतूहलाने तळ ढवळला. दुसरा बिल्ला निघाला. मग तिसरा.

''दोनशे चौदा. दोनशे सतरा.''

काका आता मजेत आले होते. ''बँकेत आल्यासारखं वाटतंय. माझा नंबर कधी लागणार?''

लेबलबाईने रुमालाला हात पुसले, पर्समधून लांबट वही काढली, खूण घातलेलं पान उघडलं आणि काकांपुढे ठेवलं.

''लागला तुमचा नंबर, काका. वाचा. मोठ्याने वाचा.''

काकांनी वाचलं. आधी सहज, मग एकेक शब्द तोलून. ''दोनशे बारा. कोंबडीचा रस्सा. गेल्या रविवारची तारीख. माणसं दोन. वरून मीठ अर्धा चमचा. काढला...'' ते थांबले. ''काढला पुढे काही नाही.''

''कारण मी काढला नाही. आठ दिवसांचा आहे. तुम्ही आत्ता ज्याला ताजं म्हणालात तो.'' तिचा आवाज पेढीत नंबर वाचावा तसा होता. ''आधीची पानं पण बघा. लाल पेनाने खूण केलेले सगळे डबे या घरात आलेत. पाच महिने. खारू इथे जे खात होती ते माझंच शिळं होतं.''

काकांनी पुतण्याकडे पाहिलं. ''तू आणून देत होतास?''

नवरा भात कालवत होता. कालवून झालेला भात त्याने पुन्हा कालवला.

''हो, आणत होता!'' नणंद फुटली. ''मग? मी काय चोरी केली? पहिले दोन महिने मीच करत होते सगळं. पोरगी दोन घास खाऊन उठायची. वजन उतरायला लागलं. रडायची. माझ्या हातचं उतरेना तिच्या घशाखाली. मी काय करायला हवं होतं?''

इथे एखादीचं मन विरघळलं असतं. लेबलबाईने वही मिटली.

''तेव्हाच घरी पाठवायला हवी होती, ताई. पिशवी पेशंटला जुळली नाही तर परत पाठवतात. लेबल बदलून दुसऱ्याच्या नावावर लावत नाहीत.''

नणंद रडायला लागली. काकू तिच्या पाठीवर हात फिरवू लागल्या, पण त्यांचं लक्ष वहीकडे होतं. काकांनी बिल्ला ताटाच्या कडेला ठेवला. ''घरातलं घरात सांगता आलं असतं गं,'' ते पुटपुटले.

''सांगितलं असतं तर तुम्ही कोणाचं ऐकलं असतं?''

काकांनी बिल्ला उलटा करून ठेवला. हेच उत्तर होतं, आणि तिने ते सावकाश, पूर्ण उपभोगलं.

खारूने ताटातलं एक गाजर चमच्यावर घेतलं. ''मला माहीत होतं,'' ती म्हणाली.

''काय?''

''तुझंच आहे ते. गाजरं तू तिरकी कापतेस. आत्या गोल कापते.''

''आणि तू मला सांगितलं नाहीस?'' आता पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

खारूने खांदे उडवले. ''इथे मला वेगळी खोली होती. दाराला कडी असलेली. आणि जेवण तुझं. दोन्ही मिळत होतं.''

पाच महिने लेबलबाई जिला सोडवायला निघाली होती, ती अशी आरामात बसली होती. हे वहीत नव्हतं. तिला राग आला, आणि रागाखाली कुठेतरी ओळखही पटली: या पोरीने उशीखाली काय ठेवायचं ते आपलं आपण ठरवलं होतं, आणि त्याची नोंद कोणाला दिली नव्हती.

''दप्तर भर,'' ती म्हणाली. ''खोलीचं मी बघते.''

''खरंच कडी?''

''आतून.''

खोलीचं तिने त्याच संध्याकाळी पाहिलं. घरात झोपायच्या खोल्या दोनच. एकीत ती आणि नवरा, दुसरीत अर्धं खारूचं टेबल आणि अर्धं अडगळीचं सामान, दाराला साधी खिट्टीही नाही. अडगळ तिने झोपायच्या मोठ्या खोलीत, पलंगाच्या नवऱ्याच्या बाजूला रचली. लहान खोलीला कडी ठोकून घेतली. नवऱ्याची गादी बोळकांडीत फ्रीझरला लागून घातली.

''इथे?'' तो म्हणाला. ''हा रात्रभर घरघरतो.''

''डबे काढायला जवळ पडेल.''

पुढच्या रविवारी चारही शेगड्या पेटल्या. खारू लेबलं लिहीत होती. तिचं अक्षर आईपेक्षा सुबक होतं. मसूर, माणसं दोन. घेवडा, माणसं दोन. नवरा दारात उभा राहून बघत होता. बराच वेळ हिशेब जुळेना तेव्हा त्याने विचारलं, ''अगं, माझं?''

''तुमचं ताजं,'' ती म्हणाली. ''शिळं कशाला तुम्हाला? रोज करा आणि खा. पातेलं ताईंकडून आणा, आता त्यांना लागत नसेल.''

त्याने वाट पाहिली. ती हसेल, नाहीतर आठवडाभराने विसरेल, असं त्याला वाटत होतं. महिना झाला. तो अंडी चांगली उकडायला शिकला आहे. बाकी प्रगती सावकाश आहे.

नणंदेने उरलेले डबे एका खोक्यात भरून शेजाऱ्याबरोबर पाठवले, सोबत चिठ्ठी नव्हती. लेबलबाईने बोळकांडीत, गादीच्या कडेवर बसून ते मोजले. डबे तेवीस, झाकणं एकवीस. बिल्ले सहाच्या सहा आले होते, घासून लख्ख केलेले. त्याच खोक्यात तिने एक कागद घातला आणि खोकं त्याच शेजाऱ्याच्या हातात परत दिलं. कागदावर लिहिलं होतं: झाकणं दोन कमी. निळी.